रस्त्यापलीकडची हद्द

मंडळी, गेल्या महिन्यात धारहून आत्याचा फोन आला. आवाज कापत होता. "अरे, इंटरपोलनं माझ्या नावानं रेड नोटीस काढलीय म्हणे! साहेब व्हिडिओवर आहेत. कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, कुणाला सांगायचं नाही, खात्यातले पैसे तपासणीसाठी पाठवा म्हणतात." ती स्वयंपाकघरात जाऊन, शेजारणीच्या मोबाइलवरून हळूच बोलत होती. मी म्हटलं, "आत्या, आधी तो कॉल बंद कर. पैसा पाठवू नकोस." पैसे वाचले. पण बिचारीला दोन दिवस जेवण गेलं नाही.

आत्याचा समज आपल्यातल्या अनेकांचा असतो: इंटरपोल म्हणजे जगात कुठेही जाऊन बेड्या घालणारे पोलीस. तसं नाही. आम्हा देवासच्या लोकांना तरी हे लवकर कळायला हवं. पवारांची थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थानं आमच्या एकाच गावात नांदली. मुख्य रस्त्याची एक बाजू एकाची, दुसरी दुसऱ्याची, पाण्याची आणि दिव्यांची सोयसुद्धा वेगळी. पुढे थोरल्या पातीचं संस्थान कर्जात बुडालं, तेव्हा महाराज तुकोजीराव तिसरे फ्रेंचांच्या पाँडिचेरीत जाऊन राहिले आणि 1937 मध्ये तिथेच वारले. ते काही गुन्हेगार नव्हते. पण इंग्रज सरकार एवढं बलाढ्य, तरी त्याचा हुकूम फ्रेंच हद्दीत चालत नव्हता.

आजही हद्द तशीच आहे. इंटरपोलचे 196 सदस्य देश आहेत आणि भारतातर्फे सीबीआय हा दुवा सांभाळते. रेड नोटीस म्हणजे, "हा माणूस सापडला तर प्रत्यार्पण होईपर्यंत त्याला अडकवून ठेवा," अशी पोलिसांनी पोलिसांना केलेली विनंती. तिला किती मान द्यायचा, हे प्रत्येक देश आपल्या कायद्याप्रमाणे ठरवतो. राजकीय, लष्करी, धार्मिक किंवा वांशिक प्रकरणांत तर इंटरपोलला पडायलाच मनाई आहे.

विनंती मान्य झाली तरी अटी येतात. 1993 च्या मुंबई बॉम्बस्फोटांतला अबू सालेम 2002 मध्ये लिस्बनला पकडला गेला, पण भारतात आला 2005 मध्ये. फाशी देणार नाही, पंचवीस वर्षांपेक्षा जास्त कैद देणार नाही, असा शब्द भारताला पोर्तुगालला द्यावा लागला. तो पाळावाच लागेल, असं सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्ये सांगितलं. म्हणजे सहकार्य होतं, आणि त्याचा उपयोगही होतो, पण ते मागून मिळतं आणि वेळ घेतं.

जानेवारी 2025 मध्ये सीबीआयचं भारतपोल पोर्टल सुरू झालं. त्यामुळे राज्यांच्या पोलिसांच्या विनंत्या सीबीआयकडे लवकर पोचतात. मी सॉफ्टवेअरवाला, मला याचा आनंदच आहे. पण निरोप सेकंदात पोचला तरी पलीकडच्या देशाचा निर्णय सेकंदात होत नाही. चोरांचा पैसा मात्र काही मिनिटांत चार खाती फिरून परदेशी पोचतो.

म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांना तीन गोष्टी आजच सांगा. रेड नोटीस कुणाला व्हिडिओ कॉलवर बजावत नाहीत. फोनवरून अटक होत नाही. आणि चुकून पैसे गेलेच, तर लाजत बसू नका, ताबडतोब 1930 वर फोन करा. पैसा देशात आहे तोवरच तो अडवणं सोपं असतं.

आत्यानं 1930 हा आकडा आता फ्रिजवर चिकटवून ठेवलाय. तुमच्या घरी कुठे चिकटवाल?