जुना हॅरो घ्या, पण पारखून घ्या



उन्हाळी नांगरट झाली की गावोगाव एकच प्रश्न कानावर येतो. "भाऊ, ट्रॅक्टर जुना आहे, ३५ एचपीचा. तव्यांचा जुना हॅरो बघून ठेवलाय. घेऊ का?" सरकारी साहेबांचे उत्तर ठरलेले असते. जुना कशाला घेता, नव्याला अनुदान आहे!

हे उत्तर फसवे आहे. केंद्राची यांत्रिकीकरण योजना २०१४-१५ पासून चालू आहे. लहान शेतकरी, महिला, अनुसूचित जाती-जमाती यांना ५० टक्क्यांपर्यंत आणि इतरांना ४० टक्क्यांपर्यंत अनुदान, तेही ठरलेल्या मर्यादेत. औजार मात्र नवेच पाहिजे. आधी अर्ज, मग पूर्वसंमती, मग पैसे मोजून खरेदी, मग पोर्टलवर बिल, आणि सर्वांत शेवटी खात्यात रक्कम. म्हणजे ज्याच्या खिशात आधीच पैसे आहेत त्याला अनुदान. ज्याच्या खिशात नाहीत तो जुन्या बाजारात जातो आणि त्याच्या वाट्याला छदामही येत नाही.

खिसा रिकामा का, हेही बघा. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद केली. ४ मे २०२४ ला उघडली, ती ४० टक्के शुल्क लावून. ते शुल्क पुरते उठायला १ एप्रिल २०२५ उजाडले. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनची हमी किंमत ४,८९२ रुपये होती, पण बाजारात बहुतेकांची पट्टी त्याच्या खालीच फाटली. वर जुलै २०१७ पासून सप्टेंबर २०२५ पर्यंत हॅरोवर १२ टक्के जीएसटी होता. आता तो ५ टक्के केला म्हणून पाठ थोपटून घेतात. मग आठ वर्षे काय म्हणून घेतला? कारखानदार भरलेला कर वळता करून घेतो. आपल्या धान्याला कर नाही, म्हणून आपल्याला वळता करायला जागाच नाही. पोतेभर न्यायचे, मूठभर परत द्यायचे, आणि त्या मुठीला अनुदान म्हणायचे!

तेव्हा जुना हॅरो घेण्यात लाज नाही. लाज आहे ती फसून घेण्यात. मी शेतीची पदवी घेतली, पण हॅरोचे बेअरिंग हलवून बघायचे असते हे मला गावच्या लोहाराने शिकवले. तेच इथे देतो.

पहिली गोष्ट, ट्रॅक्टर बघून हॅरो घ्या, शेजारी बघून नव्हे. एका तव्याला साधारण ३ एचपी धरा. जुन्या इंजिनाची ताकद बॉनेटवर लिहिलेली असते तेवढी उरलेली नसते. ३५ एचपीच्या जुन्या ट्रॅक्टरला भारी काळ्या रानात १० तवे पुरे, हलक्या रानात फार तर १२. शेजाऱ्याकडे १६ तव्यांचा आहे म्हणून आपण घेतला, तर डिझेल आणि क्लच दोन्ही जळतील.

दुसरी, लिफ्ट. हॅरो उचला, इंजिन बंद करा आणि बघत बसा. थोड्याच वेळात खाली बसला तर लिफ्ट तेल सोडते आहे. मग एक तर ती आधी दुरुस्त करा, नाही तर चाकांवरून ओढायचा हॅरो बघा. उचलल्यावर पुढची चाके हलकी पडून स्टेअरिंग धरत नसेल, तर बांधावर आणि पुलावर जिवाशी गाठ आहे. पुढे वजने लावा किंवा तो हॅरो सोडा. पिनाही मोजा. खालच्या पिना लहान गटात २२ मिलिमीटर, मोठ्या गटात २८. फरक असेल तर बुश घाला, भोक वाढवू नका.

तिसरी, तवे. टेप घेऊन जा. २२ इंची तवा झिजून १८ वर आला असेल तर तो भंगारात धरा. एका धुऱ्यावरचे सगळे तवे सारख्या मापाचे हवेत. मधल्या चौकोनी भोकाभोवती तडा आहे का, भोक खाऊन गोल झाले आहे का, बघा. धुऱ्याचे नट ढिले ठेवून चालवलेल्या हॅरोचे भोक असेच खाल्लेले असते.

चौथी, बेअरिंग आणि चौकट. हॅरो उचलून खाली ठोकळे द्या, मग हातमोजे घालून प्रत्येक धुरा फिरवा, वरखाली हलवा. खडखड झाली की बेअरिंग गेले. चौकटीचे कोपरे आणि जोडणीची जागा नखाने खरवडा. ताजा रंग बहुधा जुने वेल्डिंग झाकायलाच मारलेला असतो.

पाचवी, किंमत. हॅरो काट्यावर घाला. वजन गुणिले भंगाराचा भाव, ही खालची रेघ. नव्याच्या किमतीतून तवे, बेअरिंग आणि मजुरीचा खर्च वजा केला की वरची रेघ. सौदा त्या दोन रेघांच्या मध्येच, खालच्या रेघेकडे झुकून. आणि विकणाऱ्याच्या रानात एक पाळी घालून बघितल्याशिवाय इसार देऊ नका.

जिल्हा बैठकीत दोन गोष्टी ठरवू. प्रत्येक तालुक्यात औजार पारखणारे दोन जाणते निवडायचे. त्यांनी सोबत यायचे, फुकट. आणि ठराव करायचा की अनुदानाची मूठ तुमच्याजवळ ठेवा, आमच्या मालाच्या भावातला हात काढा. घामाचे दाम मिळाले तर नवा घ्यायचा की जुना, हे आमचे आम्ही ठरवू.