वेष हुतात्म्याचा, काळजी आपली

जानेवारी जवळ आला की सोलापुरात घरोघरी शाळेची चिठ्ठी येते. स्नेहसंमेलन, 12 जानेवारीचा हुतात्मा दिन, मग 26 जानेवारी. कुठे ना कुठे वेशभूषा स्पर्धा असतेच. आपल्या घरांत पहिलं नाव निघतं ते कुर्बान हुसेन यांचं. 1930 साली सोलापुरात मार्शल लॉ लागला आणि 12 जानेवारी 1931 रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे यांच्यासह त्यांना येरवडा तुरुंगात फाशी दिली गेली. आपल्या मुलाने त्यांचा वेष घ्यावा, ही हौस चांगलीच. मात्र ती फाशीच्या दोरापर्यंत जाऊ नये.

हे आम्ही उगाच म्हणत नाही. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये कर्नाटकातल्या चित्रदुर्गात बारा वर्षांचा एक मुलगा शाळेच्या कार्यक्रमासाठी भगतसिंगांच्या फाशीचा प्रसंग घरी बसवत होता. त्या सरावातच त्याचा जीव गेला. म्हणून आपल्या घरात दोर नकोच, ‘नुसता गळ्यात अडकवायला’ म्हणूनसुद्धा नको. कुर्बान हुसेन ‘गझनफर’ हे वृत्तपत्र चालवत. मुलाच्या हातात लेखणी आणि वर्तमानपत्र द्या, त्यांच्याविषयी चार वाक्यं पाठ करून घ्या. वेष पूर्ण झाला.

कपडे सुती आणि अंगाबरोबर असावेत. भाड्याच्या दुकानातले नायलॉन-सॅटिनचे झगमगीत पोशाख पेटले तर वितळून कातडीला चिकटतात. सुती कापडही पेटतं, म्हणून घोळदार बाह्या नकोत आणि मेणबत्ती-उदबत्तीजवळ जाणं नको. अब्बांचा जुना सदरा बेतून घेतला तरी छान दिसतो. चादर-टॉवेलच्या या गावात सुती कापड शोधायला लांब जावं लागत नाही.

मुलीला चांदबीबी करायची असेल तर जरूर करा. तिच्याच लग्नात सोलापूरचा किल्ला आदिलशहाला आंदण मिळाला होता. पण ओढणी गळ्याशी गाठ मारून बांधू नका. खांद्यावर वेल्क्रोने लावा, म्हणजे कुठे अडकली तर सुटून येईल. झगा घोट्याच्या वर राहू द्या. तलवार पुठ्ठ्याची करा. विकतचं खेळणं घेतलं तर त्यावर आयएसआय खूण पाहा. 1 जानेवारी 2021 पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर ती सक्तीची आहे. चमकणाऱ्या मुकुटात बटणाएवढा सेल असतो. तो गिळला गेला तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. अशा वेळी वाट न पाहता थेट दवाखाना गाठा.

रंग किंवा दाढी-मिशीचा डिंक आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून पाहा. खाज किंवा लाली आली तर तो वापरू नका. मुलांच्या डोळ्यांत सुरमा घालणंही टाळा. अनेक सुरम्यांत शिसं असतं.

आता सजावट. 23 डिसेंबर 1995 रोजी हरियाणातल्या डबवालीत शाळेच्या समारंभाच्या मंडपाला आग लागली आणि चारशेहून अधिक जीव गेले. त्यांत बहुतेक मुलंच होती. मंडपाचं कापड कृत्रिम धाग्याचं होतं आणि बाहेर पडायला वाट अपुरी होती. म्हणून संमेलनाला जाताना शिक्षकांना दोन गोष्टी जरूर विचारा: बाहेर पडायच्या वाटा किती आणि त्या मोकळ्या आहेत का? विजेच्या तारा पडद्यांपासून दूर आहेत का? घरातल्या झुरमुळ्यांनाही दिव्याची ऊब लागू देऊ नका.

कपडे पेटलेच तर मुलाला पळू देऊ नका, जमिनीवर लोळवा. मग भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी सोडा आणि दवाखान्यात न्या. टूथपेस्ट, शाई, हळद काही लावू नका.

स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी पूर्ण वेष चढवून मुलाला जिना उतरायला सांगा. त्याला नीट दिसतंय का, श्वास मोकळा आहे का, स्वतःच्या हाताने सगळं काढता येतंय का, हे पाहा. तिन्हींचं उत्तर ‘हो’ आलं, तर बिस्मिल्लाह म्हणून पाठवा.