मोरी पत्रिकेवरून उतरवावी

किनाऱ्यावरचा शॅक असो वा पणजी-मडगावातील नामांकित हॉटेल असो, आंबोटिक म्हटले की मोरी, हे गोव्यात ठरून गेल्यासारखे आहे. पर्यटकही ती आवर्जून मागतो. 'शार्क' खाल्ला हे गावी जाऊन सांगण्याची हौस त्या मागणीत मिसळलेली असते. ही मोरी हॉटेलमालकांनी आपण होऊन पत्रिकेवरून उतरवावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. मासळीवर ज्यांचा पिंड पोसला त्या समाजाच्या वृत्तपत्राने असे म्हणावे, हे काही वाचकांना खटकेल. म्हणून कारणे विस्ताराने मांडणे भाग आहे.

मोरी ही बांगडा-तारल्यासारखी मासळी नव्हे. बांगड्याची मादी हजारो अंडी समुद्रात सोडते. त्यातली बहुतेक नष्ट झाली तरी थवा पुन्हा भरून येऊ शकतो. मोरीचा प्रपंच निराळा. आपल्या किनाऱ्यावरच्या बहुतेक जाती पिलांना जन्म देतात. काहींत तर सस्तन प्राण्यांप्रमाणे नाळेतून गर्भाचे पोषण होते. गर्भ महिनोन्महिने पोटात वाढतो, पिले मोजकीच होतात, आणि मोठ्या जातींच्या माद्यांना वयात येण्यास दहा-दहा वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. बांगडा खाणे म्हणजे व्याजावर जगणे. मोठ्या मोरीचे पिलू खाणे म्हणजे मुद्दलास हात घालणे. हे मुद्दल किती आटले आहे, याचा हिशेब शास्त्रज्ञांनी 2021 मध्ये मांडला. 1970 पासूनच्या अर्धशतकात खुल्या महासागरातील शार्क व पाकटांचे प्रमाण 71 टक्क्यांनी घटले, आणि ह्या वर्गातील एकतृतीयांशाहून अधिक जाती नामशेष होण्याच्या वाटेवर आहेत. ह्याचे प्रमुख कारण अतिरेकी मासेमारी.

कायदे नाहीत असे नव्हे. केंद्र सरकारने 2001 च्या जुलैमध्ये हा सारा वर्गच वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आणला, आणि मच्छीमारांचा ओरडा होताच त्याच वर्षीच्या डिसेंबरात संरक्षित यादी दहा जातींवर आणून ठेवली. 2013 मध्ये केवळ पर कापून मासा समुद्रात फेकण्यास मनाई झाली, 2015 मध्ये परांची निर्यात बंद झाली, आणि 2022 च्या दुरुस्तीने संरक्षित जातींची यादी वाढवली. परंतु परांचा व्यापार बंद झाला म्हणून मासा वाचला नाही, कारण त्याचे मांस देशातच खपते. 2022 च्या नोव्हेंबरात पनामा येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने मोरीच्या एका मोठ्या कुळाच्या व्यापारावर नियंत्रण आणले. तेही सीमेपार जाणाऱ्या मालापुरते. मालीम किंवा कुटबणच्या जेटीवरून कळंगुटच्या शॅकमध्ये जाणाऱ्या टोपलीला ते कसे लागू पडणार?

त्या टोपलीत काय असते, हा खरा प्रश्न आहे. लहान चणीची, चपट्या मुस्काटाची जी मोरी आपल्या बाजारात नेहमी दिसते, ती त्यातल्या त्यात लवकर वाढणारी आहे, हे मान्य केले पाहिजे. तथापि हॉटेलांना कोवळे मांस हवे असते, आणि त्याच आकाराची म्हणून मोठ्या जातींची पिलेही तिच्याबरोबर विकली जातात. हातोड्यासारख्या डोक्याची कानमुशी आज जगात अतिसंकटग्रस्त मानली जाते; तिचे पिलू डोके उडवून, कातडे सोलून, तुकडे करून कोकमाच्या रसात पडले, की ते कोणाचे हे स्वयंपाकीही सांगू शकणार नाही. निवड करता येत नाही, तेव्हा वर्ज्य करणे एवढाच मार्ग उरतो.

यावर एक आक्षेप हमखास येईल: मोरी मुद्दाम कोणी धरत नाही, ट्रॉलरच्या जाळ्यात ती आपोआप येते, मग आलेली मासळी फेकून द्यायची काय? हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. ज्या मासळीला हॉटेलवाला चढा भाव देतो ती फार काळ 'आपोआप' येत नाही. ट्रॉलरने आपल्या समुद्राचे काय केले हे रापणकारांनी सत्तर-ऐंशीच्या दशकांत रस्त्यावर येऊन सांगितले होते. आज मोरीबाबत तेच अनुभवास येत आहे. भाव उतरला की मासळी एका दिवसात परत येणार नाही, हे उघड आहे. पण जाळ्यात जिवंत सापडलेले पिलू परत सोडण्याचा विचार तरी त्यानंतरच संभवतो.

घरच्या चुलीवर आमचा रोख नाही. मात्र बाळंतिणीला दूध यावे म्हणून मोरी खाऊ घालण्याची जी पद्धत किनाऱ्यावर आहे, तिचा फेरविचार व्हावा. शिकारी माशांच्या मांसात पारा साठतो; अमेरिकेच्या आरोग्य यंत्रणेने गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या मातांना शार्क टाळण्याचाच सल्ला दिला आहे.

लोकांना पटवून काम होते, याचा दाखला शेजारच्या सौराष्ट्रात आहे. तेथे महाकाय व्हेल शार्क तेलासाठी मारली जात असे. 2001 मध्ये ती कायद्याने संरक्षित झाली, पण कोळ्यांचे मन वळले ते 2004 नंतर, मोरारी बापूंनी तिला बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या लेकीची उपमा दिली तेव्हा. पुढे त्याच कोळ्यांनी स्वतःची जाळी कापून शेकडो व्हेल शार्क सोडल्या, आणि जाळ्याची भरपाई वनखात्याने दिली. हॉटेलांचा दाखला हवा असेल तर हाँगकाँगचा आहे. शार्कच्या परांचे सूप ही तेथील लग्नसमारंभातील प्रतिष्ठेची बाब. तरी पेनिन्सुला हॉटेलसमूहाने 1 जानेवारी 2012 पासून ते बंद केले. त्याच महिन्यात शांग्री-लानेही तोच निर्णय घेतला. दोघांचेही दिवाळे वाजल्याचे ऐकिवात नाही.

आंबोटिकची चव मुख्यतः मसाल्यात आणि कोकमात आहे. ती माणक्यांनाही येते, बांगड्यालाही येते. फक्त मोरीच्या जागी पाकट घालू नये. पाकटांची अवस्था मोरीहून बरी नाही. 2023 च्या शॅक धोरणात सरकारने शॅकवाल्यांना माशाचे हुमण व भात ठेवण्यास सांगितलेच आहे. काय वाढावे हे जे पर्यटन खाते सांगू शकते, त्याला काय वाढू नये हे सुचवण्यास कोणता संकोच? आमच्या मते सक्तीची गरज नाही. परवाना देताना एक विनंतीपत्र पुरेल. पावसाळा सरून शॅक उभे राहू लागतात तेव्हा पत्रिका नव्याने छापल्या जातात. ती एक ओळ गाळण्यास छपाईचा जादा खर्च येत नाही.