हुशारीचा दाखला आम्ही देणार नाही

ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण. या स्थानकांच्या आसपास राहणारी आम्ही माणसं आहोत. आमच्यातले काही स्वमग्न आहेत, काहींना एडीएचडी आहे, काहींना दोन्ही. काही आई-बाबा आहेत, काही आजी-आजोबा, काही बालवाडीच्या ताई आणि विशेष शिक्षक. मुलाच्या निदानासाठी डॉक्टरांच्या प्रश्नांना उत्तरं देता देता स्वतःचंच लहानपण ओळखू आलेले बापही आमच्यात आहेत. आमच्या डोक्याची किंमत इतरांनी परस्पर ठरवायची, या प्रकाराला कंटाळून आम्ही एकत्र आलो. चळवळीला अजून नाव दिलेलं नाही. नावावरून भांडायला पुढे वेळ आहे.

ही किंमत कशी ठरते ते प्रत्येक सोसायटीत दिसतं. मूल बोलत नाही, म्हणजे ते मंद. दुसरं मूल सहाव्या वर्षी कर्जत-कसाऱ्याच्या सगळ्या जलद गाड्यांच्या वेळा घडाघडा सांगतं, म्हणजे ते जिनियस. सत्यनारायणाच्या दिवशी पहिल्याला आतल्या खोलीत बसवतात, दुसऱ्याला पाहुण्यांपुढे उभं करून गाड्या विचारतात. त्या गर्दीत, त्या घंटेच्या आवाजात दोघांच्याही कानांचं काय होतंय, हे कोणाच्या डोक्यात येत नाही. आणि एडीएचडीवाल्याच्या प्रगतिपुस्तकावर तर शेरा ठरलेला: डोकं आहे, पण वापरत नाही. म्हणजे गुन्हाही त्याचाच. घरी आल्यावर तो आईचाही होतो, कारण ती नोकरी करते किंवा तिने मोबाइल दिला किंवा संस्कार कमी पडले.

आमचं पहिलं म्हणणं मोजमापाबद्दल आहे. आल्फ्रेड बिने यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये चाचणी तयार केली ती शाळेत कोणत्या मुलाला जास्त मदत लागेल हे शोधण्यासाठी. बुद्धी ही मुलाच्या कपाळावर कोरलेली कायमची रक्कम आहे, या समजुतीला त्यांनी स्वतःच विरोध केला होता. व्ही. व्ही. कामत यांनी १९३०च्या दशकात ही चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतायला घेतली, आणि बिने-कामत हे नाव आजही आपल्याकडच्या अहवालांत दिसतं. नागपूरच्या ए. जे. मालिन यांनी १९६९मध्ये वेक्स्लर या दुसऱ्या बुद्धिमापन चाचणीचं भारतीय रूप सिद्ध केलं. दोन्ही कामं मोठी आहेत आणि आम्हाला त्यांचा आदर आहे. पण या चाचण्या मुलाकडे काय मागतात ते पाहा. अनोळखी माणसासमोर स्थिर बसायचं, त्याचा प्रश्न ऐकायचा, बऱ्याच ठिकाणी तोंडानेच उत्तर द्यायचं, काही भागांत घड्याळाशी शर्यत करायची. स्वमग्न मुलाला नेमकं हेच जड जातं. एडीएचडी असलेल्या मुलाला आकडे ऐकवून उलट क्रमाने सांगायला लावतात, तेव्हा पंख्याच्या खडखडाटाने तिसरा आकडा निसटतो. गुण तिथे जातात आणि अहवालात लिहिलं जातं ते बुद्धीबद्दल.

मिशेल डॉसन या स्वतः स्वमग्न असलेल्या संशोधिकेने कॅनडात सहकाऱ्यांसोबत हेच तपासलं. त्यांचा निबंध २००७ साली आला. एकाच गटातल्या स्वमग्न मुलांना वेक्स्लर चाचणीही दिली आणि रेव्हनची आकृत्यांची चाचणीही, जिच्यात बोलावं लागत नाही, फक्त नक्षीतला हरवलेला तुकडा ओळखायचा असतो. वेक्स्लरवर त्यांची सरासरी शंभरात २६व्या पायरीवर होती, रेव्हनवर ५६व्या. मुलं तीच, डोकी तीच. २०१५मध्ये कॅनडातच, जवळजवळ न बोलणाऱ्या ३० मुलांवर असाच अभ्यास झाला. वेक्स्लर त्यांच्यातल्या एकालाही पूर्ण करता आली नाही. रेव्हनच्या चाचणीचे तुकडे हाताने बसवायला दिले, तेव्हा २६ जणांनी ती पूर्ण केली. आपल्याकडे या २६ जणांच्या कागदावर काय लिहिलं गेलं असतं, ते आमच्यातल्या अनेक घरांना फायली उघडून सांगता येईल.

म्हणून आमची मागणी: न बोलणाऱ्या मुलाला फक्त भाषेवर चालणारी चाचणी देऊन बुद्ध्यांक लिहू नये. एकाच सकाळच्या, एकाच चाचणीच्या आकड्यावर शाळा ठरवू नये. आणि अहवालात मूल त्या दिवशी कसं होतं, झोपलं होतं का, खोलीत कसले आवाज होते, हेही नोंदवावं.

आता दुसरं म्हणणं, आणि हे आमच्याच लोकांना जास्त टोचेल. सगळे स्वमग्न लोक छुपे आइन्स्टाइन आहेत, असं आम्ही म्हणणार नाही. अमेरिकेच्या सरकारी पाहणीत आठ वर्षांच्या स्वमग्न मुलांपैकी शंभरातल्या साधारण चाळिसांना बौद्धिक अक्षमता असल्याचं नोंदलं आहे. चाचण्यांचे दोष वजा केले तरी त्यातली बरीच मुलं उरतील. ती मुलंही आमचीच. एडीएचडी तर सगळ्या बुद्ध्यांकांच्या माणसांत सापडतो. 'आमचा स्वमग्न आहे, पण मतिमंद नाही हं!' हे वाक्य आमच्यातल्या पालकांच्या तोंडी सर्रास येतं. ते या चळवळीत चालणार नाही. आपलं पोर वर काढताना दुसऱ्याच्या पोराच्या डोक्यावर पाय द्यायचा, आणि तोही शेजाऱ्यांना बरं वाटावं म्हणून!

पडद्यानेही मधली जागा रिकामीच ठेवली. मराठी प्रेक्षकाच्या मनात १९९१च्या 'चौकट राजा'तला नंदू बसला आहे, आणि जगभर १९८८चा 'रेन मॅन'. नंदूची अवस्था लहानपणीच्या अपघातातून आलेली. 'रेन मॅन' ज्याच्यावरून सुचला त्या किम पीकचा मेंदू जन्मतः वेगळा होता, पण तो स्वमग्न नसावा असंच तज्ज्ञांचं मत पुढे पडलं. प्रेमळ खुळा आणि आकड्यांचा जादूगार, दोन्ही चित्रं दुसऱ्याच माणसांवरून काढलेली, आणि आम्हाला मोजायला तीच वापरली जातात.

डोंबिवली-ठाण्याला हे समजावणं सोपं नाही, याची आम्हाला कल्पना आहे. निकाल लागला की क्लासच्या बाहेर टक्क्यांसकट चेहऱ्यांचे फलक लागतात. सुशिक्षितांचं शहर म्हणवून घेण्यात आपल्याला अभिमान आहे, आणि तो खोटाही नाही. पण इथे माणसाची ओळख टक्क्यांवरून सुरू होते. मग ज्याचे टक्केच सांगता येत नाहीत त्याला मान द्यायचा तर निदान काहीतरी अलौकिक तरी दाखव, अशी अट आपोआप लागते. ही अट आम्ही नाकारतो. शाळेत जागा, रस्त्यावर सुरक्षितता, डब्यात बसायला मिळणं, यांसाठी कोणी हुशार असावं लागत नाही.

कायद्याचं बळ आमच्या बाजूला आहे, निम्मं का होईना. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे, अध्ययन अक्षमताही आहे. एडीएचडी नाही. गंमत अशी की मुलांच्या आरोग्य तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३च्या फेब्रुवारीत सुरू झाला तो तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघरमधून, आणि त्याच्या तपासायच्या आजारांच्या यादीत एडीएचडी आहे. म्हणजे सरकार मुलाला शोधणार, नाव सांगणार आणि सवलतीच्या खिडकीवर ते नाव यादीत नाही म्हणून परत पाठवणार. ही यादी बदलावी.

याच कायद्याचं १६वं कलम मान्यताप्राप्त शाळांना भेदभाव न करता प्रवेश द्यायला सांगतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये रजनीशकुमार पांडे खटल्यात विशेष शिक्षकांचं प्रमाण घालून दिलं: प्राथमिकला विशेष गरजा असलेल्या दहा मुलांमागे एक, पुढे पंधरांमागे एक. प्रत्यक्षात पालकाला सांगतात, वर्गात मुलाशेजारी बसून मदत करणारी शॅडो टीचर तुम्ही आणा, पगार तुम्ही द्या. ठाण्यात काहीच नाही असं आम्ही म्हणणार नाही. १९९०पासून आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, महापालिकेची जिद्द शाळा आहे. मात्र गावात विशेष शाळा आहे, हे शेजारच्या शाळेने दार लावून घेण्याचं कारण होऊ शकत नाही.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांनी दिव्यांगांसाठी राखायच्या ५ टक्के निधीचा हिशेब दरवर्षी मराठीत, वाचता येईल अशा आकाराच्या अक्षरांत लावावा. त्यातला काही भाग न दिसणाऱ्या अपंगत्वासाठी असावा. रुक्मिणीबाई आणि शास्त्रीनगर रुग्णालयांत मुलांच्या विकासाचे तज्ज्ञ ठरलेल्या वारी भेटावेत. गडकरी रंगायतन, फुले नाट्यगृह आणि अत्रे रंगमंदिर इथे महिन्याला एक प्रयोग कमी आवाजाचा, दिवे पूर्ण न मालवता व्हावा, आणि प्रेक्षकाला मध्येच उठायची मुभा असावी. पाडव्याच्या स्वागतयात्रेत फडके रोडचा काही पट्टा ढोल-ताशाविना जाऊ द्या. दिव्यांगांच्या डब्यात 'तू तर धडधाकट दिसतोस' म्हणून कोणाला उतरवू नका. दोन एप्रिलला, जागतिक स्वमग्नता दिनी, इमारतींवर निळे दिवे लावायचे असतील तर खुशाल लावा, पण वर लिहिलेलं एखादं काम झालेलं असेल तरच.

शाळा उघडतील तेव्हा आम्ही ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या मुख्याध्यापकांना तीन प्रश्न लेखी विचारू. तुमच्याकडे विशेष शिक्षक किती? गेल्या वर्षी किती मुलांना प्रवेश नाकारला? शॅडो टीचरचा पगार कोण देतं? आलेली आणि न आलेली उत्तरं आम्ही जाहीर करू.

आमच्या बैठकीत टाळ्या वाजवायच्या नाहीत, हात हलवायचे. ज्याला बसवत नाही त्याने फेऱ्या माराव्यात. ज्याला बोलता येत नाही त्याने लिहून, चित्र दाखवून किंवा यंत्रावर टाइप करून मत द्यावं, ते इतरांच्या मताइतकंच मोजलं जाईल. मुलाच्या वतीने बोलण्याआधी आई-बाबांनी मुलाला विचारायचं, आणि तो 'नको' म्हणाला तर खाली बसायचं.