तंजावरची बस: काही दुरुस्त्या

मा. संपादक,


तंजावरच्या शहर बसमध्ये ‘बायका बिनतिकीट फिरतात’ हे आपल्या अंकातील प्रवासलेखाचे विधान चुकीचे आहे. मे २०२१ पासून तमिळनाडूच्या साध्या शहर बसगाड्यांत महिलांना भाडे नाही; मात्र वाहक प्रत्येकीला शून्य रकमेचे तिकीट देतो आणि त्याची भरपाई राज्य सरकार परिवहन महामंडळाला करते. लांब पल्ल्याच्या गाड्यांना ही सवलत नाही.

या सवलतीवरचा लेखातील ‘उधळपट्टी’ हा शेराही टिकत नाही. मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात एसटी महिलांना निम्मे भाडे आकारते. तत्त्व एकच, प्रमाण वेगळे. वाचलेले भाडे शेतमजूर आणि घरकामगार बायकांच्या मजुरीत भर घालते.

बसच्या पाट्या तमिळमध्ये असतात हे लेखातील म्हणणे खरे. एसटीच्याही बहुतांशी मराठीतच असतात. रोजच्या प्रवाशाची भाषा आधी, हा दोन्हीकडचा क्रम रास्तच आहे.

तंजावर मराठी माणसाला सर्वस्वी परके, हे मतही अमान्य. भोसल्यांची गादी येथे १८५५ पर्यंत होती. त्याच घराण्यातील सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरवलेला मराठी शिलालेख बृहदीश्वर मंदिरात आजही आहे.

या दुरुस्त्या छापाव्यात.

एक वाचक, तंजावर