हात लावू नको!

माणसाला एक तरी छंद असावा, असं शाळेतल्या निबंधात लिहून मी दहापैकी साडेसहा गुण मिळवले होते. तो छंद घरात किती जागा अडवतो, हे निबंधात कुणी विचारलं नव्हतं. ते आता आमच्या अमरावतीच्या घरात रोज विचारलं जातं. मला १९८०च्या दशकातले घरगुती संगणक जमवायचा नाद आहे. पडदा म्हणून दिवाणखान्यातला टीव्ही जोडायचा, कार्यक्रम कॅसेटवरून चढवायचा आणि बटण बंद केलं की यंत्र सगळं विसरतं, अशा जातीचे. "विसरणारं एक माणूस घरात आहे, ते पुरे नाही का?" हे सौभाग्यवतींचं मत.

या नादात नव्यानं पडणारा पहिला प्रश्न विचारतो, "कोणतं मॉडेल घेऊ?" आणि त्याला मिळणारी उत्तरं ऐकून माझं डोकं फिरतं.

आमचा अकोल्याचा मित्र घ्या. हा कमोडोर ६४चा भक्त. मी सिंक्लेअर स्पेक्ट्रमवाला. दोन्ही यंत्रं १९८२ची. त्याच्यात ६४ किलोबाइट, माझ्यात ४८. एवढ्यावर तो निकाल देतो, "अबे, चौसष्ट मोठे का अठ्ठेचाळीस? दुसरीतलं पोट्टंही सांगन!"

अहो, बैल काय नुसता वजनावर घेतात? दात पाहतात, जुंपून पाहतात. कमोडोरचा आवाज गोड, हे मला कबूल आहे. त्याच्यापुढे माझा स्पेक्ट्रम म्हणजे रातकिडा. पण कमोडोरच्या बेसिक भाषेत साधी रेघ ओढायचा हुकूम नाही. स्मृतीच्या कप्प्याकप्प्यात आकडे कोंबत बसायचं. स्पेक्ट्रमला 'सर्कल' म्हणून तीन आकडे द्या, वर्तुळ हजर. कमोडोरला कॅसेटसाठी त्याचा स्वतःचा टेपरेकॉर्डर लागतो. स्पेक्ट्रमला घरातला भजनाचा कोणताही चालतो.

आता स्पेक्ट्रममध्ये खोड नाही असं नाही. पडद्यावरच्या आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटीत त्याला दोनच रंग जमतात. त्यामुळे निळा नायक हिरव्या झाडाजवळ गेला की नायकही हिरवा होतो. पण शेजार बदलला की रंग बदलणारे नायक आपण काय पडद्यावरच पाहतो?

तर मी मित्राला म्हटलं, "ठीक आहे, तुझा कमोडोर लाव. होऊन जाऊ दे सामना." तो म्हणाला, "लावाचा कायले? मूळ खोकं हाय. पट्टी उघडली का किंमत उतरते!" या गोष्टीला तीन वर्षं झाली. जून २०२२ मध्ये याच अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचं डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत उरकलं. गिनीज बुकात नोंद झाली. आणि त्या रस्त्याच्या टोकाला राहणाऱ्या माझ्या मित्राला एक चिकटपट्टी सोडवत नाही!

दुसरा वर्ग पुतण्याचा. "काका, हे सगळं मोबाइलवर फुकट चालतं." चालतं, बाबा. हुरड्याचा फोटोही मोबाइलवर दिसतो. पण तो पाहून कुणी ढेकर दिल्याचं ऐकिवात नाही.

तिसरा वर्ग जाणकारांचा. ते म्हणतात, घ्यायचा तर बीबीसी मायक्रो. इथे मात्र मला जपून बोलावं लागतं, कारण या यंत्राबद्दल माझ्या मनात आदर आहे आणि एक जुना काटाही आहे. १९८१चं हे ब्रिटिश यंत्र. दणकट, कळफलक तर असा की टंकलेखकानं आशीर्वाद द्यावा. १९८४-८५ मध्ये सरकारच्या 'क्लास' योजनेतून ते आपल्याकडच्या सुमारे अडीचशे शाळांत गेलं. त्यातलं एक आमच्या शाळेत आलं.

आलं म्हणजे एका खोलीत गेलं. खोलीला कुलूप, यंत्राला मखमली आच्छादन. चपला बाहेर काढून, हात पाठीमागे बांधून आम्ही रांगेनं जायचो आणि हेडसर म्हणायचे, "बघा, पण हात लावू नको कुणी!" दसऱ्याला त्याची पूजा व्हायची. मी तीन वर्षं त्याला झेंडू वाहिला. एक अक्षर टंकलं नाही. पुढे कधीतरी ते भंगारात गेलं, किलोच्या भावानं. जाताना मी पाहिलं होतं. बटणं कोरी करकरीत होती.

म्हणून सांगतो, संग्राहकानं किलोबाइट मोजू नयेत, खोकं पाहू नये. एकच विचारावं: हे यंत्र मी दुसऱ्याच्या पोराच्या हाती देईन का? स्पेक्ट्रम जन्मला तोच त्यासाठी. बीबीसीचं बी मॉडेल ३९९ पौंडांचं, तर ४८ किलोबाइटचा स्पेक्ट्रम १७५ पौंडांचा. १९८६ पासून डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनं परवाना घेऊन तो आपल्या देशातही विकला. चार-पाच स्क्रू काढले की उघडतो. कळफलकाची प्लॅस्टिकची पट्टी वयानं वाळून तडकते, त्यात आमच्या वऱ्हाडातला मे महिना; पण ती पट्टी आजही नवी मिळते. मोडलं तरी बेहत्तर म्हणावं, असं हे एकच यंत्र.

हे सगळं मी सौभाग्यवतींना तावातावानं सांगत होतो, तेवढ्यात शेजारची नऊ वर्षांची पोर आत आली. स्पेक्ट्रम चालूच होता. तिनं बोट पुढे केलं आणि माझ्या तोंडून शब्द निघाले, "ए, हात लावू नको!"

आवाज हुबेहूब हेडसरांचा. सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत. नुसत्या बघत राहिल्या. त्यापेक्षा बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी उठलो, पोरीला खुर्चीवर बसवलं. तिनं 'पी' दाबला. पडद्यावर एका फटक्यात 'प्रिंट' हा अख्खा शब्द उमटला, तशी ती दचकली आणि खुदकन हसली. संध्याकाळपर्यंत तिच्या नावानं पडदा भरून गेला.

आठवड्याभरात कळफलकाची पट्टी तडकली. अकोल्याहून फोन आला, "झाली ना आता किंमत कमी?"

"झाली," मी म्हटलं. "नवी पट्टी मागवतोय. दोन मागवू का? तू खोकं उघडशील त्या दिवशी तुझ्या नातवाला घेऊन ये इकडे. तोवर त्याला खेळायला काहीतरी नको?"