ओढीआधी सुटका तपासा

खेळाच्या साधनांच्या बाजारात सध्या एक खोके हमखास दिसते. त्यावर तीन दावे एकत्र छापलेले असतात: नवशिक्यांसाठी सोपा, खिशाला परवडणारा, जमिनीवर आणि पाण्यावरही चालणारा. आत असतो पॉवर काइट. दोन ते पाच चौरस मीटर कापड, वीस-पंचवीस मीटर लांबीच्या दोन, तीन किंवा चार दोऱ्या आणि हातात धरायचा बार. संक्रांतीच्या पतंगाशी त्याचे नाते फक्त वाऱ्यापुरते. तो माणसाला वाळूवरून फरफटत नेऊ शकतो, तीनचाकी बग्गी पळवू शकतो आणि आकार मोठा असेल तर फळीवर उभ्या माणसाला पाण्यावरून ओढून नेतो. असा काइट घेताना बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘याला ओढ किती?’ माझ्या मते हा प्रश्न शेवटी विचारायचा आहे. नवशिक्याच्या काइटची पहिली कसोटी एकच: हात सोडला की त्याची ओढ किती लवकर आणि किती पूर्णपणे संपते? या कसोटीला जो उतरत नाही त्याला स्वस्त म्हणता येत नाही आणि सोपा तर नाहीच.

हे केवळ भीतीपोटी म्हणत नाही, त्यामागे साधे गणित आहे. हवेचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 18 किलोमीटरचा वारा म्हणजे सेकंदाला 5 मीटर. अशा वाऱ्यात 3 चौरस मीटरचा काइट एका जागी स्थिर उभा असेल तर त्याची ओढ ढोबळमानाने साडेचार किलो वजनाइतकी भरते, पाण्याच्या बादलीपेक्षाही कमी. पण काइट स्थिर राहत नाही. तो वाऱ्याला आडवा कापत जातो तेव्हा त्याच्यावर आदळणाऱ्या हवेचा वेग मूळ वाऱ्याच्या तिप्पट सहज होतो आणि ओढ नऊपट, म्हणजे चाळीस किलोंच्या घरात जाते. त्यातच झोत आला आणि वारा दुप्पट झाला, तर आणखी चौपट. तोच काइट आता दीडशे किलोंहून अधिक जोर लावू पाहतो. म्हणजे ‘लहान आहे, काय करणार?’ हा समज इथे घातक ठरतो. उलट लहान काइट झटकन वळतो आणि चूक सुधारायला वेळ देत नाही. ओढ कुठल्याही काइटला फुकट मिळते, ती वारा देतो. खरेदीचे पैसे मोजायचे ते ओढ आवरण्यासाठी.

या खेळाचा इतिहासही हेच सांगतो. ब्रिस्टलचे शिक्षक जॉर्ज पोकॉक यांनी पतंगांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीचे पेटंट 1826 मध्ये घेतले. 1903 मध्ये सॅम्युअल कोडी यांनी पतंगाने ओढलेल्या होडीतून इंग्लिश खाडी ओलांडली. 1960 च्या दशकात डोमिना जॅलबर्ट यांनी कप्प्यांत हवा भरून आकार घेणारे कापडी पंख घडवले. आजचे फॉइल काइट त्याच वंशातले. 1984 मध्ये फ्रान्सच्या ब्रुनो आणि डोमिनिक लेगेन्यू या भावांनी हवेच्या नळीवर उभ्या राहणाऱ्या, पाण्यात पडला तरी पुन्हा उठवता येणाऱ्या काइटचे पेटंट नोंदवले आणि काइटसर्फिंगचा मार्ग मोकळा झाला. ओढीचे कोडे दोनशे वर्षांपूर्वीच सुटले होते. ओढ हवी तेव्हा काढून घेण्याचे कोडे मात्र फार उशिरा सुटले. 2005 च्या सुमारास आलेल्या चपट्या, धनुष्याकृती काइटमध्ये बार पुढे ढकलला की जवळजवळ सगळी ओढ जाऊ लागली आणि काइटबोर्डिंगच्या सुटका-यंत्रणेसाठी आयएसओ 21853 हे आंतरराष्ट्रीय मानक आले ते 2020 मध्ये. त्यानंतर चारच वर्षांनी, 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये, मार्सेच्या समुद्रात काइट प्रथमच पदकांच्या शर्यतीत उतरला. इतक्या उशिरा आणि इतक्या अपघातांनंतर मिळालेली सुरक्षितता किंमत कमी करण्याच्या नावाखाली खोक्यातून काढून टाकली जात असेल, तर ग्राहकाने ते चालवून घेऊ नये.

जमिनीवरची तपासणी मोकळ्या, सपाट, गर्दी नसलेल्या जागी आणि सेकंदाला चार-सहा मीटरच्या स्थिर वाऱ्यात व्हायला हवी. ओहोटीला उघडी पडणारी घट्ट वाळू त्यासाठी उत्तम. काइट उडवून डोक्यावर आणा, मग विंड विंडोच्या, म्हणजे उडवणाऱ्यासमोर काइट जिथे उडू शकतो त्या आकाशातल्या पट्ट्याच्या, कडेला न्या आणि तिथे बार सोडून द्या. दोन दोऱ्यांच्या अगदी साध्या काइटला मनगटाचा पट्टा नसेल, तर तो बारसकट उडून जाईल आणि पुढे उभ्या असलेल्या कुणाच्या तरी अंगावर पडेल. पट्टा असेल आणि तो तिसऱ्या दोरीला जोडलेला असेल, तर सगळा ताण त्या एका दोरीवर येतो, काइटची मागची कड ओढली जाते, कापड दुमडते आणि काइट जागच्या जागी बसतो. तीच दोरी ओढून तोंडावर पडलेला काइट उलटा उडवत पुन्हा उठवता येतो. म्हणून नवशिक्याने तीन दोऱ्यांची मांडणी निवडावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ही चाचणी एकदा जमली म्हणून थांबू नये. काइट विंडोच्या मधोमध, पूर्ण ताणात असतानाही सुटका तशीच व्हायला हवी. मात्र ही पायरी हलक्या वाऱ्यात आणि जाणकार शेजारी उभा असतानाच करावी. शिवाय दोऱ्या जिथे कापडाला जोडल्या आहेत तिथली शिवण पाहावी, दोऱ्यांची लांबी समान आहे का ते ताणून पाहावे. असमान दोऱ्यांचा काइट सतत एकीकडे झुकतो आणि शिकणाऱ्याला वाटते, चूक आपलीच आहे.

पाण्यावरचा दावा अधिक कसून तपासायला हवा, कारण खोक्यावरची भाषा इथेच सर्वांत सैल असते. उघड्या कप्प्यांचा फॉइल काइट जमिनीवर फार गुणी: हलका, आपटला तरी न फुटणारा, पिशवीत मावणारा. पाण्यात पडला की मात्र त्याच्या कप्प्यांत पाणी शिरते. पन्नास लिटर पाणी शिरले तर पन्नास किलोंचे ओझे झाले. ते वाऱ्याने उठत नाही. जर्मनीच्या एचक्यू कंपनीच्या हायड्रासारख्या काइटमध्ये कप्पे जवळजवळ बंद ठेवून आणि तिसरी दोरी देऊन ही अडचण बरीच सोडवली आहे. हा मार्ग योग्य आहे. पण पाण्यातून उठतो याचा अर्थ पाण्यावर नेतो असा होत नाही. मध्यम वाऱ्यात प्रौढ माणसाला फळीवर उभे करायला साधारण नऊ ते बारा चौरस मीटरचा काइट लागतो. तीन चौरस मीटरच्या काइटने कमरेएवढ्या पाण्यात अंग ओढून घेण्याचा, म्हणजे बॉडी ड्रॅगिंगचा सराव होतो. काइट पाण्यातून उठवण्याचा हात बसतो. त्या किमतीत हे शिक्षण मोलाचे आहे. विक्रेत्यांनी तेवढेच सांगावे. त्याहून मोठे स्वप्न विकले की ग्राहक ते पुरे करायला वाढत्या वाऱ्यात उतरतो.

यावर पहिला आक्षेप पैशांचा. तिसरी दोरी, पट्टा, जवळजवळ बंद कप्पे यांनी किंमत वाढते, मग परवडणारा काइट उरतो कुठे? किंमत वाढते हे खरे. पण पाण्यावरचा पूर्ण संच, म्हणजे मोठा काइट, बार, हार्नेस (अंगावर बांधायचा पट्टा) आणि फळी, नवा घेतला तर लाखाच्या पुढे जातो. सुरक्षित ट्रेनर काइटची, म्हणजे शिकण्यासाठीच्या लहान काइटची, किंमत त्याच्या लहानशा भागाइतकी असते आणि त्यावर बसलेला हात मोठ्या काइटवर थेट उपयोगी पडतो. कपात करायचीच असेल तर रंगसंगती, पिशवी, आकार यांत करावी. दुसरा आक्षेप जाणकारांचा: ट्रेनर काइटवर वेळ घालवण्यापेक्षा सरळ प्रशिक्षकाकडे जावे. प्रशिक्षकाला पर्याय नाही, हे मलाही मान्य आहे; पाण्यात उतरताना तर नाहीच. पण रामेश्वरम किंवा गोव्यातल्या मोरजीला जाऊन शिकवणीच्या तासांचे पैसे मोजणाऱ्याने विंड विंडो आणि बारचा स्पर्श आधीच ओळखीचा करून नेला, तर ते महागडे तास पाण्यावर सत्कारणी लागतात. ट्रेनर काइट ही शाळेपूर्वीची तयारी आहे, शाळेची जागा तो घेत नाही.

तिसरा आक्षेप आपल्याकडच्या परिस्थितीचा, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. कोकणच्या किनाऱ्यावर गर्दी आहे, होड्या आणि जाळी आहेत, पावसाळ्यात वारा झोतांचा आणि समुद्र खवळलेला. इथे हा खेळ आणावाच कशाला? माझे उत्तर असे की तो येतोच आहे, कारण काइट घरपोच मिळतो. प्रश्न उरतो तो शिस्तीने येण्याचा. दुपारचे खारे वारे समुद्राकडून जमिनीकडे वाहतात. रात्रीपासून पहाटेपर्यंतचे मतलई वारे उलट, माणसाला खोल समुद्राकडे ढकलतात. मतलई वाऱ्यात नवशिक्याने पाण्यात पाऊल टाकू नये. जून ते सप्टेंबर समुद्र वर्ज्य मानावा. विजेच्या तारा, रस्ता आणि विमानतळाचा परिसर यांपासून दूर राहावे. भारताच्या 1934 च्या विमान कायद्याने पतंगालाही विमानाच्या व्याख्येत घेतले होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ताणलेली काइटची दोरी बोट आणि गळा कापू शकते. नायलॉन मांजाने गेलेले जीव आणि 2017 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने त्यावर घातलेली बंदी पाहिलेल्या समाजाला हे वेगळे समजावण्याची गरज पडू नये.

म्हणून खरेदी करणाऱ्यांना विनंती: आकार आणि रंग विचारण्याआधी विक्रेत्याला बार सोडून दाखवायला सांगा. ऑनलाइन घेणार असाल तर तिसरी दोरी, मनगटाचा पट्टा आणि पाण्यातून उठण्याची सोय या तीन गोष्टी वर्णनात स्पष्ट लिहिल्या आहेत का ते पाहा. एकही नसेल तर तो काइट कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.